दोराचं जेवण

रविवार, २५ मे १९९७. हजर: इनासमामा, तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. त्यांचा पुतण्या बस्त्याव, खलाशी आणि इंजिनवाला. वसईच्या एका महिला मंडळातल्या सहा जणी, त्यांच्या प्रमुख राऊतबाई. गोखिवऱ्याचे तांबे पती-पत्नी. एव्हरशाईन सिटीतले श्री. शेटे, एकटे. आणि मी. गैरहजर: कोणी नाही.

धक्क्यावर हजेरी घेतल्याशिवाय मी एकही फेरी सोडली नाही. इनासमामा त्यावरून चिडवायचे, "ए बाय, दर्या काय शाला हाय? दर्या पन तुझी हजेरी घ्याला बसलाय." मी म्हणायचे, "म्हणूनच घेते. दोघांची यादी जुळली पाहिजे."

दहा-बारा वर्षं मी हा धंदा केला. तो कसा सुरू झाला, कसा वाढला आणि कसा बंद पडला, हे सांगत बसत नाही. त्यात विशेष काही नाही. धंदा सांगायला सोपा होता. वसईत घर घेऊनही समुद्र न पाहिलेल्या माणसांना बोटीत बसवून समुद्र दाखवायचा. नव्वदनंतर पूर्वेला इमारती उठल्या. सातारा, सांगली, रत्नागिरी, लालबाग अशा ठिकठिकाणची माणसं तिथं राहायला आली. सकाळी मुंबईला जायची, रात्री परतायची, आणि रविवारी गॅलरीत उभी राहून समुद्र कुठल्या बाजूला आहे ते एकमेकांना विचारायची. मी नंदाखालची, केळी-नारळाच्या वाडीत वाढलेली. मला ते ऐकून हसू यायचं. पुढे त्यातच काम दिसलं.

बोट माझी नव्हती, इनासमामांची होती. पाचूबंदरची मासेमारीची होडी, नाव 'आवे मारिया'. मी गिऱ्हाईक आणायचे, फळ्यांवर सतरंज्या घालायचे, ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबा, लिंबं, आवळासुपारी, कागदी पिशव्या आणि पुरी-भाजीचे डबे बरोबर घ्यायचे. उलटी होणारं माणूस मला धक्क्यावरच ओळखू यायचं. जो "मला काही होत नाही" असं दोनदा सांगतो, त्याला पिशवी आधी द्यायची.

बाहेरच्यांना वाटतं, बोट घड्याळावर चालते. बोट तिथीवर चालते. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडायचं आणि भरतीबरोबर आत यायचं. पाणी ज्या बाजूला चाललं आहे त्या बाजूलाच आपलं काम काढायचं. हे एवढं कळलं तर निम्मं डिझेल वाचतं.

एकदा एका बिल्डरचा माणूस गिऱ्हाइकं घेऊन आला. त्याला खाडीतून आपली इमारत दाखवायची होती. "अजून जवळ घ्या, अजून जवळ," असं तो इनासमामांच्या कानाशी ओरडत राहिला. मामांनी त्याला दोनदा सांगितलं की ओहोटी लागली आहे. तिसऱ्यांदा काही न बोलता होडी जवळ घेतली आणि ती गाळात बसली. संध्याकाळी पाणी चढेपर्यंत आम्ही सगळे त्या अर्धवट बांधलेल्या इमारतीकडे बघत, मच्छर मारत बसलो. त्यातल्या एका जोडप्यानं तिथला फ्लॅट घेतला. म्हणाले, दिवसभर बसून बघितलं, वारा चांगला येतो.

त्या दिवशी मामा एक गोष्ट बोलले ती मी विसरले नाही. "पान्याची वाट बगनं सोपं. पानी येनार ते येनारच. वाऱ्याची वाट बगनं कठीन. त्याला कोन सांगनार, कवा थांब?" मला ते पुढं वाऱ्यापेक्षा माणसांच्या बाबतीत जास्त खरं वाटत गेलं.

आता शेटेकाका.

ते पहिल्यांदा आले ते वर लिहिलेल्या फेरीच्या आदल्या हंगामात. निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झालेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात छोटी दुर्बीण. पैसे देण्याआधी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बोट बेटाला लागणार नाही ना?"

आमची मोठी फेरी अशी असे. वसई किल्ल्याच्या धक्क्यावरून निघून समुद्रातून उत्तरेला, अर्नाळ्याच्या बेटाला बाहेरून वळसा, वैतरणेच्या तोंडाशी थोडा वेळ थांबून बेट आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यातून परत. बेटावर किल्ला आहे आणि कोळ्यांची वस्ती आहे. बहुतेक लोक विचारायचे, "बेटावर उतरवणार ना?" न उतरवण्याची खात्री करून घेणारं हे एकच गिऱ्हाईक. मी म्हटलं, "नाही लागणार." ते उजव्या बाजूला बसले. वळसा असा असतो की बेट पहिल्यापासून शेवटपर्यंत उजव्या हाताला राहतं. बेट दिसू लागल्यावर त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली ती बेट मागं पडेपर्यंत काढली नाही.

मग ते दर महिन्याला येऊ लागले. तीच फेरी, तीच जागा, तोच प्रश्न. बस्त्याव म्हणायचा, "पक्षी बगतात वाटतं." मीही तेच धरून चालले.

पंचवीस मेची ती हंगामातली शेवटची फेरी होती. त्यानंतर होडी किनाऱ्यावर ओढून शाकारायची, म्हणजे पावसाळ्यापुरती झावळ्यांनी झाकून ठेवायची, आणि नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात लोटायची. खरं तर मामांची ती फेरी करायची इच्छा नव्हती. सकाळी आकाश स्वच्छ होतं, पण त्यांनी पाण्यात हात घालून पाहिला आणि "कोमट लागतं" एवढंच म्हणाले. मी विचारलं, रद्द करू का? ते म्हणाले, "जाऊ. पन मी वळीन तवा मना कोनी विचारायचं नाय."

बेटाच्या उत्तर टोकाला पोचलो तोवर महिला मंडळाच्या भेंड्या जोरात होत्या. राऊतबाईंचा आवाज इंजिनाच्या वर. पश्चिमेला क्षितिजावर कोळशानं ओढावी तशी रेघ आली. मामांनी तिकडे एकदा पाहिलं आणि कोणाला काही न सांगता होडी फिरवली. वैतरणा राहिली बाजूला. वारा आला तो थेट पोटात गुद्दा मारल्यासारखा. होडीचं नाक वर जायचं आणि आपटायचं. भेंड्या थांबल्या. तांबेवहिनींनी नवऱ्याचा हात धरला, तांब्यांनी ट्यूब धरली. मी सगळ्यांना फळ्यांवरून खाली बसवलं आणि डोकी मोजली. त्या क्षणी मला दुसरं काही करता येण्याजोगं नव्हतं.

वारा पश्चिमेचा, म्हणून बेटाच्या पूर्वेची बाजू आडोशाची. मामांनी होडी तिकडे घेतली. किनाऱ्यावर बायका वाळत घातलेले बोंबील पाऊस यायच्या आत काढायच्या गडबडीत होत्या. बस्त्याव नाळेवर, होडीच्या नाकाशी, दोर घेऊन उभा राहिला आणि ओरडला, "दोर! ए, दोर धरा!"

त्यातली एक तरुण बाई हातातले बोंबील तिथंच वाळूत टाकून धावत आली. गुडघाभर पाण्यात शिरून तिनं दोर झेलला आणि खांद्यावरून ओढत खुंट्याकडे गेली. पहिला वेढा दिला, आणि मग वर पाहिलं.

होडीत कोण बसलं आहे हे तिला तेव्हा दिसलं. तिनं दोर सोडला नाही. पण खुंट्याला वेढे देत राहिली, दोन, तीन, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. शेवटी बस्त्याव म्हणाला, "ताई, पुरे. होरी बांधायची हाय, खुंटा नाय."

एकेकाला उतरवलं. शेटेकाका मात्र जागेवरून हलले नाहीत. पाऊस आडवा येत होता, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं.

"मी बोटीतच थांबतो," ते म्हणाले.

"काका, भिजाल."

"भिजलो तर भिजलो. तुम्हाला मी दर वेळी विचारत होतो, बोट बेटाला लागणार नाही ना. तुम्ही नाही म्हणत होतात."

"वारा मला विचारून येत नाही, काका."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दोर धरला ती सुजाता. माझी मुलगी. तीन वर्षं झाली, मी तिच्याशी बोललेलो नाही."

मग भराभर, जणू फॉर्म भरून देत असावेत तसं त्यांनी सांगितलं. मुलगी सात वर्षांची असताना आई गेली. त्यांनीच तिला वाढवलं, दोन वेळचा स्वयंपाकही तेच करायचे. विरारला ती एका ऑफिसात लागली. तिथं जनरेटर दुरुस्तीला येणाऱ्या हरेशशी ओळख झाली. हरेश या बेटावरचा, कोळ्याचा. शेट्यांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. "मी तिला म्हणालो होतो, त्या घरात गेलीस तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही. ती गेली. माझा शब्द गेलेला नाही."

"मग दर महिन्याला येता ते?"

"बघायला बंदी नव्हती."

एवढ्यात मामा पाण्यातून चालत आले. "काय शेटेसाहेब, उतरा की."

"मी इथं बरा आहे. माझ्याकडं डबा आहे."

"डबा नाय चालत," मामा म्हणाले.

इथं मला एक रिवाज सांगायला हवा. तो सगळ्या किनाऱ्यावर असेल असं मी म्हणत नाही. इनासमामांच्या होडीवर होता आणि या बेटावर होता, एवढं मला माहीत. वादळात आसऱ्याला आलेल्या होडीचा पहिला दोर जो झेलतो, त्याच्या घरचे पाहुणे होडीतले सगळे. वारा थांबेपर्यंत त्यांचं खाणंपिणं त्या घरचं, आणि तेही एकाच टोपातलं. तांडेल आणि पाहुणा, बामण आणि खलाशी, सगळ्यांना तेच. कोणी स्वतःचं खायचं नाही. बरोबरचं असेल ते त्या घरच्या पोराबाळांना द्यायचं. आणि पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला खाणाऱ्यांपैकी कोणीतरी नवा दोर त्या घरी स्वतःच्या हातानं नेऊन द्यायचा. मग फिटलं.

"ज्यानं दोराचं खाल्लं नाय त्याला मी परत होरीत घेत नाय," मामा म्हणाले. "बापानं मना तसंच शिकवलं. तुमचा झगडा काय तो मना म्हाईत नाय न् मना नको. खायचं नसल तर खुशाल इथंच रवा. पोरीच्या घरापासून लांब नाय."

त्यांना सगळं माहीत होतं हे उघड होतं. शेटेकाका उतरले. रागानं उतरले, पण उतरले.

घर किल्ल्याच्या तटाच्या बाहेर, दोन खोल्यांचं. सुजाताचा नवरा सकाळीच पलीकडच्या किनाऱ्यावर इंजिनाच्या कामाला गेला होता आणि तिकडेच अडकला होता. घरात तिची सासू, जनाबाय. ठेंगणी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज धक्क्यावरून लिलाव करणाऱ्या बाईचा. आम्हाला पाहून म्हणाली, "या, या. दर्यानं पाठवलेली मानसं. पाय पुसा, चिखल घरात नको." मी पुरी-भाजीचे डबे तिच्या हवाली केले. तिनं ते शेजारच्या पोरांना हाक मारून वाटूनही टाकले. माझं सकाळचं सगळं नियोजन गल्लीत पाच मिनिटांत संपलं.

शेटेकाका दाराशी घराकडे पाठ करून बसले, पावसाकडे तोंड. सुजाता त्यांच्या मागून दोनदा आत-बाहेर गेली. कोणी कोणाकडं पाहिलं नाही.

मी भांडी घ्यायला आत गेले. चुलीजवळ साफ केलेल्या ओल्या बोंबलांनी भरलेला टोप होता. वाटणही तयार होतं. सुजाता त्याच्यासमोर नुसती उभी होती.

"आई," ती सासूला म्हणाली, "सगळ्यांना एकाच टोपातलं वाढायचं ना?"

"दोराचं एकाच टोपातलं. त्यात बदल नाय."

जनाबायनं तिच्याकडं पाहिलं, मग बाहेर पाठमोऱ्या बसलेल्या माणसाकडं. बोंबलांच्या टोपावर झाकण ठेवलं आणि पायानं तो कोपऱ्यात सरकवला.

"दाने हायत घरात?"

"आहेत."

"मग कर. तुझ्या बापाला लागतं तसं."

"अहो पण आई, होडीच्या माणसांना बिनमासळीचं? लोक काय म्हणतील?"

"म्हनतील जनाबायच्या घरान मासली नव्हती. म्हनू दे."

हे किती मोठं होतं ते मला तिथं उभी असताना कळलं. ज्या बेटावर दारात मासळीचे ढीग, तिथं आसऱ्याला आलेल्या तांडेलाला डाळ-भात वाढणं म्हणजे घराची नाचक्की. पुढची कित्येक वर्षं लग्नाकार्यात बायका ते ऐकवणार. जनाबाय पदर खोचून बाहेर गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज आमच्या घरी उपास हाय. मासली भेटायची नाय."

मंडळाच्या बायकांचे चेहरे पडले. बेटावर अडकलो तर अडकलो, निदान ताजी मासळी तरी मिळेल, असा हिशेब वाटेतच झालेला होता. इनासमामांनी भुवया उंचावल्या.

"वयनी, आज कसला उपास?"

"आमचा घरचा."

"कुनाचा?"

"तुला काय करायचंय, इनास? तुमचा फादर तुला उपास सांगतो तवा मी विचारते?"

मामा हसले.

पंगत बसली. भात, शेंगदाण्याची आमटी, भाजलेले पापड, कच्चा कांदा. किनाऱ्याला आमटीत नारळ असतो, दाणे नसतात. राऊतबाईंनी ताटाकडं पाहून हळूच विचारलं, "उपासाला भात चालतो?" जनाबाय म्हणाली, "आमच्या उपासाला चालतो. कांदा पन चालतो."

दोराच्या जेवणात तांडेल शेवटी हात लावतो. सगळ्यांनी पहिला घास घेतला की मग तो. आम्ही सगळ्यांनी घेतला. मामा हात मांडीवर ठेवून बसून राहिले. शेटेकाकांच्या ताटातली आमटी तशीच होती. त्यांना वास आला असणार. ते ताटाकडं पाहत होते, आणि मला वाटतं, त्यांना तिथं ताट दिसत नव्हतं. बाहेर पत्र्यावर पावसाचा मारा चाललेला. शेवटी राऊतबाईच म्हणाल्या, "अहो शेटे, तांडेल उपाशी राहिले तर घरी कोण नेणार आम्हाला?"

त्यांनी भात कालवला. घास घेतला. बराच वेळ चावत राहिले.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. कोणालाच उद्देशून नाही.

सुजाता आमटीचं भांडं घेऊन उभी होती. "तुम्ही कमीच घालायचात."

"मी कुठं कमी घालायचो. तू लहानपणी अळणी खायचीस, म्हणून."

"मग सवय लागली तीच."

मामांनी आमटी ओरपायला सुरुवात केली. त्या आवाजानं सगळ्या पंगतीला कंठ फुटला. तांबेवहिनींनी पापड मागितला. शेटेकाका खाली मान घालून जेवत राहिले. दुसऱ्यांदा भात घेतला. मग जेवता जेवता थांबले. पाण्याचा तांब्या त्यांच्या डाव्या हाताशीच होता, भरलेला. तो त्यांनी उचलला नाही. मान वर करून मुलीकडं पाहिलं आणि म्हणाले,

"घोटभर पाणी दे."

सुजातानं वाकून तोच तांब्या उचलला आणि भांड्यात ओतून त्यांच्या हातात दिला. पाणी जरा सांडलं. त्यांनी भांडं रिकामं करून खाली ठेवलं. जनाबाय चुलीकडं तोंड करून विनाकारण लाकडं सारखी करत होती.

त्यानंतर दुपारभर आम्ही वाऱ्याची वाट पाहिली. बाप-लेकीत फारसं बोलणं झालं असं नाही. तिनं विचारलं, दुधाची पिशवी अजून तोच भय्या टाकतो का. त्यांनी सांगितलं, नाही, आता दुसरा आहे. त्यांनी विचारलं, इथं पाणी कुठून आणता. तिनं विहीर दाखवली. तीन वर्षं न बोललेली माणसं मोठं काहीतरी बोलतील असं आपल्याला वाटतं. ती दूध-पाण्याचं बोलतात. वाऱ्याचंही तसंच असतं. तो थांबतो तेव्हा कळत नाही. बराच वेळ पत्रा वाजलेला नाही, हे मागाहून लक्षात येतं.

ऊन कलताना मामा किनाऱ्यावर जाऊन आले. "वसईला आज नाय. समोर अर्नाळ्याला सोडतो, तिथून एसटी पकडा." आम्ही होडीत बसलो. मी डोकी मोजली. दोर ज्यानं धरला त्यानंच सोडायचा असतो, म्हणून सुजाता खुंट्याशी गेली. ते सकाळचे जादा वेढे सोडायला तिला वेळ लागला. शेवटचा वेढा सुटला तरी दोर तिच्या हातातच होता. होडी ओढ घेऊ लागली.

"सोड गो पोरी!" मामा ओरडले.

तिनं सोडला. तेव्हा शेटेकाका उभे राहिले. चालत्या होडीत उभं राहू नये हे मी प्रत्येक फेरीत सांगायचे, ते त्यांना पाठ होतं. तरी उभे राहून ते ओरडले, "सुजाता, दोर मी आणीन! मीच आणीन!"

जुलैत, भर पावसात, ते आमच्या नंदाखालच्या घरी आले. रेनकोटच्या आत काखेत नव्या नायलॉनच्या दोराची गुंडाळी. वसईच्या बाजारात तीन दुकानं फिरून घेतली म्हणाले. घरी न वाळलेल्या कपड्यांचाच पसारा, शिवाय दोर फेरीच्या सामानाबरोबर असलेला बरा, म्हणून माझ्याकडं ठेवायला आणला होता. "नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीत माझी जागा धरा. उजवीकडची नको. नाळेवर, लवकर उतरता येईल अशी." या वेळी त्यांनी त्यांचा तो प्रश्न विचारला नाही.

मी जागा धरली. पण श्रावण लागायच्या आतच त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. शेजाऱ्यांनी मला कळवलं. सुजाताला निरोप मी पोचवला, इनासमामांमार्फत. ती आणि हरेश त्याच दिवशी आले. पुढं दर आठवड्याला येऊ लागले. हरेशनं त्या फ्लॅटमध्ये भिंतीला धरून चालायला लोखंडी कठडा बसवला. जनाबायही एकदा आली. ती म्हणे स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघून आली आणि म्हणाली, "एवढ्या डाली! मानूस जगतो कसा?" शेटेकाका त्यावर इतके हसले की सुजाता घाबरली.

ते त्यानंतर चार वर्षं होते. मी अधूनमधून जायचे. दर भेटीत मी म्हणायचे, "काका, दोर मी पोचवू का? मीही तिथं जेवले आहे, मी नेलेला चालतो." त्यांचं बोलणं अडखळायचं, पण याला उत्तर ठरलेलं असे. "नाही. मीच. जरा पाय सुधारू दे." एकदा हरेश आणि बस्त्यावनी त्यांना खुर्चीसकट होडीत चढवायचं ठरवलं. सगळं जुळवलं, तिथी पाहिली, पाणी पाहिलं. ऐनवेळी डॉक्टर नको म्हणाले. त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही.

ते गेले. तेरावं झाल्यावर मी दोर घेऊन बेटावर गेले. माझ्या हिशेबात काम सरळ होतं: नेणारा गेला, घ्यायचं घर आहे, मी खाणाऱ्यांपैकी आहे, नेऊन द्यावा आणि मोकळं व्हावं. अर्धवट राहिलेलं काम मला झोपू देत नाही.

सुजातानं गुंडाळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. पावतीची चिठ्ठी अजून आत अडकवलेली होती. मग तिनं ती मला परत दिली.

"ताई, ठेवा तुमच्याकडंच."

"अगं, पण फेडायला नको का?"

"फेडला म्हणजे बाबांचं येणं संपलं," ती म्हणाली. "ते अजून आणणार आहेत, असंच राहू दे."

मी जनाबायकडं पाहिलं. रिवाजाच्या बाबतीत ती कोणाचं ऐकणारी नव्हे. ती दारातच बोंबील निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दोराला काय घाई हाय? नायलॉनचा हाय. कुजत नाय."

पुढं खाडीत पाणी कमी आणि भराव जास्त होत गेला. इनासमामांचे गुडघे गेले, बस्त्यावनं रिक्षा घेतली. आमची फेरी बंद झाली. मामा हल्ली घराच्या ओट्यावर बसलेले असतात. मी गेले की हजेरीवरून चिडवतात.

दिवाळीआधी दर वर्षी मी घर आवरते तेव्हा राहिलेल्या कामांचा कागद करते. गच्चीची गळती, पाणीपट्टी, वाडीतला पंप. या वर्षीचाही केला. आवरताना पोटमाळ्यावरची ती गुंडाळी खाली काढली, धूळ झटकली आणि पुन्हा जागेवर ठेवली. मग कागदावर सगळ्यात शेवटी, दर वर्षीप्रमाणं, लिहिलं: अर्नाळा, दोर पोचवणे.